माडाखाली नको, पाटाखाली नको

आमचा पहिला तंबू घरच्या माळ्यावर मेला. चार वर्षांपूर्वी हौसेने घेतला, एकदाच वापरला आणि मे महिन्यात घडी घालून फोंड्याच्या घरी माळ्यावर टाकला. जून ते सप्टेंबर गोव्यात कपाटातल्या चामडी चपलांनाही बुरशी येते, तिथे तंबूची काय कथा. दिवाळीच्या साफसफाईत पिशवी उघडली तर आत सगळं चिकट. पाणी अडवायला कापडाला आतून एक पातळ थर दिलेला असतो, तो दमट हवेत कुजून सुटतो हे तेव्हा कळलं. हाताला पापुद्रे लागत होते, आणि वास असा की सासूबाईंनी पदर नाकाला लावून विचारलं, "आत मांजर मेलंय का?"

यंदा 26 जानेवारी सोमवारी आली. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस. एक रात्र नेत्रावळीला कुळागरात, म्हणजे डोंगरउतारावरच्या पायऱ्यांच्या बागेत, एक काणकोणला माझ्या मावशीकडे, असं ठरलं आणि नव्या तंबूचा शोध सुरू झाला. आम्ही चौघं: मी, नीलेश, अकरा वर्षांची मुक्ता, सहा वर्षांचा ओम. सगळं ठरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी घरी बसून काय करू? मीही येते." वय 69, गुडघे दुखरे, उत्साह ओमइतका. झालो पाच.

तंबूवर 'चौघांचा' असं लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. करणारे माणशी साधारण 60 सेंटीमीटर रुंदी धरतात. 240 रुंद, 210 लांब, झाला चौघांचा तंबू. त्यात कूस बदलायची तर चौघांनी एकदम बदलायची. बॅगा, पाण्याच्या बाटल्या, ओमचा कापडी हत्ती यांचा हिशेब त्यात नसतो. लेबलवरच्या आकड्यातून एक माणूस वजा करावा, मुलं लोळणारी असतील तर दीड.

नीलेशच्या मनात सहा जणांचा मोठा तंबू भरला होता. आत उभं राहता येतं म्हणे, पँट घालताना सर्कस नको. मी वाद घातला नाही. वेबसाइटवर दिलेली लांबी-रुंदी घेतली आणि अंगणात रांगोळीने तेवढा चौकोन आखला. एक कोपरा तुळशी वृंदावनात गेला, दुसरा स्कूटरवर. वर चारी बाजूंच्या दोऱ्या ताणायला आणखी हात-दीड हात लागतो, तो वेगळाच. "आपल्या अंगणात मावत नाही तो कुळागराच्या पायरीवर कसा मावणार?" असं विचारल्यावर गडी गप्प झाला. गोव्यात सपाट जागा मिळते ती तुकड्या-तुकड्यांनी. शेवटी दोन घुमटी तंबू घेतले. 'चौघांचा' आम्हा तिघांना, 'तिघांचा' आजी आणि मुक्ताला. दोन असले की एकाला काही झालं तर दुसरा असतो, हा शहाणपणा तेव्हा नुसता बोलायचा होता.

कापड 2000 की 3000 यावर लोक तासन्‌तास बोलतात. हा आकडा मिलिमीटरचा. कापड ताणून त्यावर उभ्या नळीत पाणी भरत जायचं. दोन मीटर पाणी चढेपर्यंत कापडातून थेंब पाझरला नाही तर ते 2000 चं. जून-जुलैत गोव्यात तंबू ठोकणाऱ्याने हे जरूर बघावं, आणि सोबत डोकंही तपासून घ्यावं. जानेवारीत पाऊस नाही, दंव आहे, डास आहेत, आणि रात्री दहापर्यंत उकाडा. म्हणून मी तीनच गोष्टी बघितल्या. आतला तंबू वरून जाळीचा आहे का, बाहेरच्या छताला वर हवा जायला तोंडं आहेत का, आणि तळाचं कापड परातीसारखं कडेने वर उचललेलं आहे का. तिसरी गोष्ट मी फक्त कुठेतरी वाचली होती म्हणून बघितली. दुसऱ्याच रात्री तिचे उपकार झाले.

शुक्रवार, अंगण

न ठोकलेला तंबू घेऊन परगावी जाऊ नये, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घरच्या अंगणात रंगीत तालीम. रंग पहिल्या पाच मिनिटांतच भरला. फोंड्याची जमीन म्हणजे वर चार बोटं माती आणि खाली जांभा. पहिली मेख अर्धी गेली, दुसरी कलली, तिसरी विळ्यासारखी वाकली. तंबूबरोबर येणाऱ्या मेखा म्हणजे नुसत्या जाड तारा असतात, आणि जांभा कुणाची भीड ठेवत नाही. नीलेश त्या ठोकतही उलट होता, मेखेचं डोकं तंबूकडे झुकवून. दोरी तंबूकडे ओढते, तेव्हा डोकं तंबूपासून लांब कललेलं हवं, नाहीतर ओढ बसली की मेख जिना चढल्यासारखी वर येते.

तेवढ्यात ओम काठीवर उभा राहिला. फायबरच्या पोकळ काठ्या, आत रबरी दोरी. कट्‌ असा आवाज आणि टोकाला बोटभर लांब चीर. ओमचा चेहरा रडवेला. मी पिशवी झाडली तर त्यातून एक छोटी ॲल्युमिनियमची नळी निघाली. नीलेश ती दुपारीच बघून "कारखान्यात चुकून पडली असेल" म्हणून बाजूला ठेवणार होता. तीच तर दुरुस्तीची. तडकलेल्या जागेवर सरकवायची आणि दोन्हीकडून चिकटपट्टी गुंडाळायची, हाड मोडल्यावर फळी बांधतात तशी. त्याच नळीवर तो तंबू तीन रात्री उभा होता आणि अजून आहे.

दोरी ताणायचं प्लास्टिकचं बक्कल एका ठिकाणी तुटकंच आलं होतं. सासूबाई तोवर पायरीवर बसून मटार सोलत होत्या. उठल्या, नीलेशच्या हातातून दोरी घेतली, विटेला वळसा घालून ती दोरीवरच आतल्या अंगाला दोन वेढे दिले, मग वरच्या अंगाला एक, आणि ओढली. गाठ हाताने सरकवली की सरकते, ताण आला की दात लावल्यासारखी बसते. दर चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधणारा हात तो. मला ही गाठ यायला तीनदा बघावं लागलं. मुक्ताला एकदाच.

रात्री डासांना भिऊन आम्ही सगळ्या झडपा लावून झोपलो. पहाटे ओमने उठवलं, "आई, पाऊस." वर बघितलं तर छताच्या आतून थेंब लोंबत होते. बाहेर आकाश कोरडं ठणठणीत. माणसं रात्रभर श्वास सोडतात त्यातून बरंच पाणी बाहेर पडतं. त्याला जायला वाट नसली तर ते गार छताला धरतं आणि आपल्याच कपाळावर परत येतं. दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंपूचा आवाज आला तेव्हा आम्ही पाचही जण अंगणात टॉवेल घेऊन तंबू पुसत होतो. शेजारच्या काकूंनी उंडे घेता घेता विचारलं, "घरात काही झालंय का?"

शनिवार, नेत्रावळी

शिरोडा, कुडचडे, सांगे असं करत दुपारपर्यंत नेत्रावळी. अभयारण्य इथलं 1999 सालचं, 211 चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या हद्दीत वनखात्याला न विचारता तंबू ठोकायचा नसतो. आम्ही उतरलो ते नीलेशच्या मित्राच्या काकांच्या कुळागरात, खाजगी जागेत, त्यांना आधी फोन करून. वाटेत गोपीनाथाच्या देवळासमोरची बुडबुड्यांची तळी बघितली. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात म्हणतात. ओमने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या, आणि वाढले असं तोच म्हणतो.

ज्यांनी कुळागर बघितलेलं नाही त्यांच्यासाठी: डोंगराच्या कुशीत पायऱ्या-पायऱ्यांची बाग. पोफळी उंच, त्यांच्यात माड, पोफळींवर मिरवेली चढलेल्या, खाली केळी, जायफळ, अननस. वरून ओहोळाचं पाणी पाटाने येतं आणि मेर, म्हणजे पायरीची मातीची कड, फोडून एकेका पायरीवर सोडलं जातं. जानेवारीत सुपारीची काढणी चालू, खळ्यात सुपाऱ्या पसरलेल्या, त्यांचा तो तुरट-आंबूस वास.

काकांनी "कुठेही लावा" म्हटलं. हे दोन शब्द पाहुण्याला धोक्याचे असतात. खालच्या पायरीवर मला एक जागा दिसली आणि मी भाळले. काळीभोर मऊ माती, गालिचासारखी सपाट, दोन्ही बाजूंना पोफळींची रांग, वर सूर्यकिरणांची जाळी. आदल्या दिवशी जांभ्याशी झुंजलेला नीलेश तर मेख हाताच्या तळव्याने आत गेली तेव्हा आनंदाने हसला. सासूबाई मेरेवर उभ्या राहून मातीकडे बघत होत्या.

"इथली माती एवढी ओली कशी?"

"कुळागर आहे ना आई, गारवा असणारच."

"पाण्याची पाळी कधी आहे विचारलंस?"

विचारलं. काका म्हणाले, "उद्या." उद्या म्हणजे आपण निघाल्यावर, असं आम्ही धरलं. सासूबाईंचं माहेर सावईवेऱ्याचं, जन्म कुळागरात गेला. त्या काही बोलल्या नाहीत, पण आपला तंबू मात्र उचलून वर मांगराजवळ, म्हणजे बागेतल्या खोपटाजवळ, नेला. तिथे जमीन शेणाने सारवून सारवून दगड झालेली, मेख जाईना. त्यांनी काकांकडून चार चिरे मागून घेतले आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. घुमटी तंबू आपल्या काठ्यांवर उभा राहतो, त्याला फक्त धरून ठेवायला हवं असतं.

मग त्यांनी मुक्ताला सांगितलं, "आता आधी आडवी हो." तंबू घालण्याआधी नुसत्या जमिनीवर पाच मिनिटं. डोळ्यांना सपाट दिसते ती जमीन पाठीला सपाट लागत नाही. मुक्ता पडली आणि म्हणाली, "आजी, रक्त डोक्यात येतंय." दिशा बदलली, डोकं चढाकडे केलं. कमरेखाली एक मूळ निघालं, वीतभर सरकवलं. वर बघ, म्हणाल्या. वर आभाळ होतं. "माडाखाली झोपायचं नाही आणि पोफळीखालीही नाही. नारळ सांगून पडत नाही." मी माझ्या तंबूवर बघितलं. पोफळी दोन्ही बाजूंना, नेमकी मध्ये फट. त्या बाबतीत तरी पास झाले होते.

स्वयंपाक मांगरातल्या चुलीवर. पोफळींमध्ये वाळलेला पाला गुडघाभर असतो, तिथे शेकोटीची हौस करणाऱ्याला काकांनी आणि मीही हाकलून दिलं असतं. पेज, सुक्या बांगड्याची किसमूर, वर फोडलेलं लोणचं. नीलेशने हवेची गादी फुगवायला घेतली, पाय दुखले तशी अर्धी सोडून दिली. मी खाली दोन वाकळी घातल्या. नेत्रावळीच्या रात्रीला फोंड्याच्या मानाने चांगलाच गारठा असतो आणि तो वरून कमी, जमिनीतून जास्त लागतो. पांघरूण दुप्पट करण्यापेक्षा अंथरूण दुप्पट करावं.

झडपा या वेळी उघड्या ठेवल्या. जाळीतून हवा खेळत होती. कुठेतरी सुपारी टप्‌कन पडायची, मग बराच वेळ काही नाही.

रविवार, पहाट आणि पुढे

"बाबा, गादी हलतेय."

मला वाटलं स्वप्नात बोलतोय. मग मी हात टेकला आणि हात खाली गेला. तंबूचा तळ पोटासारखा मऊ लागत होता. दाबलं की लाट उठून ओमच्या बाजूला जायची. ओमने लगेच दोनदा उडी मारून बघितली. घड्याळात साडेपाच. बॅटरी लावली, चेन वीतभर उघडली, तर दाराबाहेर चंदेरी सपाट पाणी, आणि त्यात नीलेशचा एक बूट होडीसारखा हळूहळू खालच्या पायरीकडे निघालेला.

काकांचं "उद्या" पहाटे पाचला सुरू होत होतं. वरच्या बंधाऱ्यावरून पाळी मिळाली होती आणि कामगाराने नेहमीप्रमाणे मेर फोडून पाणी आमच्या पायरीवर सोडलं होतं. जागा गालिचासारखी सपाट का होती हे तेव्हा कळलं. पाणी सगळीकडे सारखं पसरावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या समतल केलेली पायरी ती. आम्ही वाफ्यात झोपलो होतो, कांद्यासारखे.

खोऱ्यावर ओणवा झालेला तो माणूस बॅटरीच्या उजेडात तंबू बघून ओरडला, "अरे देवा! आत कोण आहे?" नीलेशने आतून "आम्हीच" असं उत्तर दिलं, जे मला आजही समजलेलं नाही. त्याने भराभर दोन खोरी चिखल मारून पाट वळवला. पाणी चार बोटं चढलं होतं. परातीसारखा तळ म्हणून ज्याची मी फुशारकी मारली होती तो खरंच तरला; आत पाणी आलं ते फक्त एका कोपऱ्यातून, जिथे मेखेचा पट्टा शिवलेला असतो त्या टाक्यांतून. पण खाली आम्ही घातलेली ताडपत्री तंबूपेक्षा हातभर मोठी, कडा बाहेर ठेवलेल्या. चिखल नको म्हणून मुद्दाम. तिने पाणी गोळा करून तंबूखाली धरून ठेवलं. पाट वळवून अर्धा तास झाला तरी आमची पाणगादी तशीच. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच हवी, ही अक्कल तिथे आली.

वर मांगराजवळ उजेड दिसत होता. ओमला कडेवर घेऊन चिखलातून चढले तर सासूबाई शाल पांघरून चुलीसमोर बसलेल्या, मुक्ता शेजारी, चहा उकळलेला. त्यांनी काही म्हणावं याची मी वाट बघत होते. त्यांनी फक्त ओमचे पाय पुसले आणि चहा बशीत ओतून पुढे केला. मला वाटतं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बूट सकाळी दोन पायऱ्या खाली अननसात अडकलेला सापडला.

ओला तंबू पिशवीत कोंबून गाडीत टाकला. अगदी नाइलाज असेल तेवढाच वेळ ठेवायचा, नाहीतर माळ्यावरच्या मांजराची पुनरावृत्ती. जाताना रिवणजवळ उसगाळीमळला थांबलो. कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या सपाट कातळात खोदलेली चित्रं: गवे, बैल, हरणं, मोर, आणि तो गोल-गोल फिरत आत जाणारा चक्रव्यूह. शंभरावर आकृती आहेत. अभ्यासकांच्या नजरेला 1993 मध्ये आल्या, आसपासच्या गुराख्यांना आधीपासून ठाऊक होत्या. मुक्ता चक्रव्यूहाच्या रेघेशेजारी उकिडवी बसली आणि तिने बापाला विचारलं, "तुमची मेख जात नव्हती ना हो यात?" हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी याच दगडात, दगडानेच, बोटभर खोल रेघा ओढल्या, आणि आम्ही शुक्रवारी चार मेखा वाकवून हातोड्याला शिव्या दिल्या होत्या.

कातळ अकराच्या उन्हात तव्यासारखा तापला होता. नीलेशची नजर आधी कातळावर, मग गाडीतल्या ओल्या तंबूवर गेलेली मी पकडली. "मनातही आणू नकोस," म्हटलं. तंबू रस्त्याकडेला गाडीच्या टपावर पसरला, चार दारांत चार कोपरे पकडून. बाहेरचं छत वीस मिनिटांत वाळलं, तळाला तासभर लागला. तळ नेहमी उशिरा वाळतो, आणि घाईत घडी घालणारे तिथेच फसतात.

केप्यावरून बाळ्ळी, मग करमल घाट उतरून काणकोणची चावडी. दुपारी गालजीबागच्या बाजूला मावशीच्या घरी. तिसऱ्या आणि भात. यावर अधिक लिहिलं तर तंबू बाजूलाच राहील.

लोक विचारतात, किनाऱ्यावरच का नाही लावला? गोव्याचा किनारा म्हणजे कुणीही यावं, तंबू ठोकावा आणि चूल मांडावी अशी मोकळी जागा नाही. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्याला आणि दारू पिण्याला 2019 च्या कायदादुरुस्तीपासून दंड आहे, तेव्हा तो एकट्याला 2 हजार, टोळक्याला 10 हजार होता. शिवाय गालजीबाग हा आगोंद, मोरजीसारखा कासवांचा किनारा. ऑलिव्ह रिडले मादी थंडीत वाळूत अंडी घालते आणि वनखात्याचे लोक घरट्याला जाळीचं कुंपण करून राखण करतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात. त्यांच्या हिशेबात उजेड म्हणजे समुद्र. तुमच्या तंबूतला दिवा म्हणजे त्यांना चुकीचा पत्ता. संध्याकाळी तात्या, म्हणजे मावशीचे यजमान, आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेले ते बॅटरी खिशात ठेवायला लावून. कुंपण लांबून बघितलं आणि परतलो.

तंबू मावशीच्या भाटात लावायचा. पण भाट म्हणजे माडच माड. तात्या म्हणाले, "नारळ गेल्या महिन्यात पाडेलीने पाडलेत, घाबरू नको." सासूबाई म्हणाल्या, "नारळ पाडलेत. चुडतं पाडलीत का?" वाळलेली झावळ नारळाइतकीच जड येते आणि पडण्याआधी कुणाला विचारत नाही. शेवटी तात्यांनीच जागा काढली. पावसात होडी ओढून ठेवतात तो चौक. होडी आता समुद्रात, चौक रिकामा, वर आभाळ, खाली दाबून बसलेली वाळू, उताराला नाही, सपाटही नाही, मधे किंचित फुगीर. मी मुद्दाम विचारलं, इथे कुठून पाणी येतं का? तात्यांना प्रश्न कळला नाही. सासूबाईंना कळला.

वाळूत मेख म्हणजे लोण्यात सुरी, तशीच बाहेर. तात्यांनी नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, आणली. एका सोडणाला मधोमध दोरी बांधायची, दोरी ओढते त्या दिशेला सोडण आडवं धरायचं, हातभर खोल खड्ड्यात टाकायचं, वर वाळू लोटून पायाने दाबायची. मी दोन्ही हातांनी ओढून बघितली, हलली नाही. वाळूने भरलेली बाजारची कापडी पिशवीही चालते. आठ सोडणं, आठ दोऱ्या, आणि मुक्ताने आठही ठिकाणी आजीची गाठ मारली.

एक चूक उरली होती, ती केली. समुद्र दिसावा म्हणून दार पश्चिमेला. संध्याकाळभर समुद्रावरचा वारा सरळ आत, काय सुख. पण किनाऱ्यावर रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊबदार राहतो, आणि वारा उलटतो. मध्यरात्रीनंतर पूर्वेचा मतलई वारा सुटला आणि तंबूच्या पाठीवर, त्याच्या सगळ्यात रुंद बाजूवर, फडफड सुरू झाली. पूर्वेच्या दोन दोऱ्या मी आळसाने ढिल्या ठेवल्या होत्या. दोनला उठून अंधारात त्या ताणल्या, गाठ सरकवली, आवाज थांबला. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याच्या वाटेवर हवी. आणि इथे वाऱ्याच्या वाटा दोन, एक संध्याकाळची, एक पहाटेची.

ताणून परत आत शिरते तोच भाटाच्या त्या टोकाला, विहिरीपलीकडे, धप्प. ओम झोपेतच दचकला. शेजारच्या तंबूतून सासूबाईंचा आवाज, अगदी शांत, "चुडत."

सोमवार

सकाळी ते चुडत मावशीने ओढत आणलं, कोयत्याने पाती सोलून हीर काढले, आणि गप्पा मारता मारता झाडू बांधला. तोच झाडू आम्ही पहिला वापरला, तंबूतली वाळू काढायला. वाळू सगळ्यात जास्त शिरते ती चेनमध्ये आणि ती ओढाताण सहन करत नाही. जुन्या दातांच्या ब्रशने दाते झाडले, वर मेणबत्तीचा तुकडा फिरवला. छतावर दंव होतंच, पण आतून कोरडं. दहापर्यंत उन्हात वाळवून मग घडी. तात्यांनी सोडणं उकरून परत ढिगावर टाकली. परतताना गाडीत कुणी बोललं नाही, कारण सगळे झोपले होते. नीलेश सोडून, अशी आशा आहे.

मंगळवारी शाळा-ऑफिस. मी दोन्ही तंबू गोड्या पाण्याने धुऊन गच्चीवर दोरीवर टाकले, उन्हात तासभर आणि मग सावलीत, कारण रोजचं कडक ऊनही कापडाला खातं. दोन दिवस राहू दिले. या वेळी माळा नाही. शिवाय पिशवीत घट्ट कोंबायचे नाहीत, जुन्या उशीच्या खोळीत सैल घालून कपाटात ठेवायचे, पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडायचे, असं मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

आमच्या तंबूची खोळ भरताना कोपऱ्याच्या दुमडीतून काहीतरी टणक हाताला लागलं. वाटलं, मेखच राहिली. काढलं तर सुपारी, सालासकट, नेत्रावळीची. बहुतेक पाण्याबरोबर वाहत आली असावी. सासूबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती कानाशी हलवून बघितली, "अजून ओली आहे," म्हणाल्या, आणि गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवून दिली.